निधी आणि नीवी : गुह्यकांच्या अर्थव्यवस्थेविषयी

१

अद्भुत कथेतील समाजाला अर्थव्यवस्था असते काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारशा गांभीर्याने विचारलेला नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहिला, तेव्हापासून मराठीतील चर्चा प्रामुख्याने अद्भुत आणि वास्तव यांच्या द्वंद्वाभोवती फिरत राहिली. 'मुक्तामाला' (१८६१) पासूनची अद्भुतरम्य कादंबरी वास्तवापासून किती दूर गेली आणि का गेली, याचा हिशेब मांडला गेला. पण त्या अद्भुत जगात संपत्ती कोठून येते, कष्ट कोण करते, साठा कोणाच्या ताब्यात असतो आणि तो कोणत्या अटीवर बाहेर पडतो, हे प्रश्न गौण मानले गेले. इच्छा करताच जेथे वस्तू मिळते तेथे अर्थशास्त्राला काम उरत नाही, असे यामागचे गृहीतक असावे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे.

हे गृहीतक टिकणारे नाही याची साक्ष अलीकडच्या लोकप्रिय साहित्यातही मिळते. १९९७ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या हॅरी पॉटरच्या कथामालेत जादूगारांचा एक दडलेला समाज आहे. त्याला स्वतःची नाणी आहेत, भूगर्भातील पेढी आहे, आणि त्या पेढीवर मानवेतर जमातीची राखण आहे. जादूने सारे निर्माण होत असते तर यांतल्या कशाचीच गरज नव्हती. म्हणून लेखिकेला नियम घालावा लागला, की अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही. तसेच दुसरीकडे, वेतनाशिवाय राबणारे घरगडीही उभे करावे लागले. म्हणजे दडलेला जादूमय समाज कल्पिताना कल्पनेला टंचाई आणि श्रम यांची सोय लावावीच लागते. ही सोय ती कशी लावते, यावरून ज्या समाजात ती कथा सांगितली जाते त्या समाजाची संपत्तीविषयीची समजूत उघड होते.

आपल्याकडे असा समाज फार पूर्वीपासून कल्पिलेला आहे. यक्ष, विद्याधर, नाग हे त्याचे घटक होत. आणि त्यातील एका वर्गाचे नावच 'गुह्यक', म्हणजे दडलेले, असे आहे. या गुह्यकांचे अर्थशास्त्र भारतीय कथावाङ्मयाने कसे रचले, आणि त्या रचनेचा दृश्य जगातील व्यवहाराशी कोणता संबंध आहे, एवढाच येथे विषय आहे. माझे प्रतिपादन असे : गुह्यकांची अर्थव्यवस्था ही साठ्याची अर्थव्यवस्था आहे. ती 'निधी' या संकल्पनेवर उभी आहे, आणि तिच्या शेजारीच, कधी कधी त्याच ग्रंथात, 'नीवी'ची, म्हणजे फिरत्या भांडवलाची, अर्थव्यवस्था नांदते आहे. अद्भुताचा अर्थ या दोहोंच्या ताणातून लागतो.

२

अमरकोशात देवयोनींच्या यादीत यक्ष आणि गुह्यक यांचा स्वतंत्र निर्देश आहे. कुबेराला मात्र तेथेच गुह्यकांचा ईश्वर म्हटले आहे. काव्यांत व कथांत हे दोन्ही वर्ग बहुधा एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांचे काम एकच : धन्याच्या धनाचे रक्षण. हे धन नऊ निधींच्या रूपाने सांगितले जाते. त्यांपैकी पद्म, महापद्म आणि खर्व ही नावे संख्यावाचकही आहेत. एकं, दहं, शतं म्हणत खर्व, निखर्व, महापद्म असे चढत जाणारे परवचे ज्यांनी पाठ केले त्यांना हे सहज आठवेल. कुबेराचा ठेवा आणि मोजता येणाऱ्या व्यवहारापलीकडची संख्या यांना एकच शब्द असावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अशा साठ्याचा उपभोग कल्पिता येत नाही. त्याची फक्त मोजदाद कल्पिता येते.

या समाजाचे सर्वांत सूक्ष्म चित्र कालिदासाच्या 'मेघदूता'त आहे. अलकेत कल्पवृक्ष आहे. तो एकटाच स्त्रियांची वस्त्रे, मद्य, पुष्पे, अळता असा सर्व प्रसाधनसंभार पुरवतो. तेथील घरांत न संपणारे निधी आहेत. नायक यक्षाच्या दारावर शंख आणि पद्म यांची चित्रे रेखाटलेली आहेत, त्याच्या विहिरीला पाचूच्या पायऱ्या आहेत. आणि तरीही हा यक्ष चाकर आहे. आपल्या अधिकाराच्या कामात त्याच्याकडून हयगय झाली, म्हणून धन्याने त्याला वर्षभरासाठी हद्दपार केले. हयगय नेमकी कोणती, हे काव्य सांगत नाही. टीकाकारांनी पुढे नाना कथा जोडल्या. पण ती न सांगण्यातच व्यवस्थेचे स्वरूप व्यक्त झाले आहे. जेथे काहीही निर्माण करावयाचे नाही तेथे कामाचा आशय सांगण्यासारखा उरत नाही, केवळ कामावर असणे उरते.

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. कल्पवृक्षाच्या गावी चाकर कशाला हवा, आणि त्याने चाकरी का करावी? पाचूच्या पायऱ्यांच्या मालकाला दंड ठोठावून काही साधणार नाही. म्हणून कुबेराची शिक्षा धनात मोजलेली नाही. ती काळात मोजलेली आहे. यक्षाचा महिमा, म्हणजे हवे तेथे जाण्याची शक्ती, काढून घेण्यात आली, आणि त्याला एक वर्ष रामगिरीवर काढावे लागले. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले आहे. वस्तूंचा तुटवडा नसलेल्या समाजात दुर्मीळ उरतो तो काळ, आणि प्रिय माणसाचा सहवास. 'मेघदूता'तील विरह हा म्हणूनच केवळ शृंगाराचा विषय नाही. समृद्धीच्या व्यवस्थेत सत्ता कोणत्या नाण्याने वसूल केली जाते, याचेही ते उत्तर आहे.

शाप हे गुह्यकांच्या समाजाचे खरे चलन आहे, असे म्हणता येईल. शापाला परिमाण असते, मुदत असते, उःशापाच्या रूपाने फेडीची अट असते. तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. 'कथासरित्सागरा'तील सुप्रतीक नावाचा यक्ष राक्षसाशी मैत्री केली म्हणून कुबेराच्या शापाने विंध्यारण्यात काणभूती नावाचा पिशाच होऊन पडला आहे. कुबेराच्या दरबारातून हद्दपार झालेला हा दुसरा चाकर आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

३

निधीची कल्पना नीट कळण्यासाठी तिच्यासमोर नीवी ठेवावी लागते. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. हा दर दरमहाचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. मुद्दल परत द्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे, आणि त्यातून भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत.

अलकेतील निधीही अक्षय, आणि गोवर्धनातील नीवीही अक्षय. परंतु निधी अक्षय असतो तो कोणी त्याला हात लावत नाही म्हणून, किंवा दैवी कृपेने तो आपोआप भरत राहतो म्हणून. नीवी अक्षय राहते ती विणकर रोज मागावर बसतो म्हणून. एकीच्या अक्षयपणाला रखवालदार लागतो. दुसरीच्या अक्षयपणाला कारागीर, करार आणि साक्षीदार. लेण्याच्या भिंतीवर तो लेख कोरण्यामागे हाच हेतू आहे. नीवी सर्वांना ठाऊक असावी लागते, तर निधी कोणालाच ठाऊक नसावा लागतो.

त्याच परिसरात निधीचाही पुरावा सापडला आहे. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. राज्य बदलले, नाण्यावरचा धनी बदलला, आणि एवढी नाणी जमिनीत गेली ती विसाव्या शतकात वर आली. कोणी, कोणत्या भयाने ती पुरली, याचे उत्तर इतिहासाकडे नाही. अशाच न मिळणाऱ्या उत्तरांच्या जागी कथा राखणदार बसवते. जमिनीखाली खरोखरच धन होते आणि त्याचा धनी खरोखरच अज्ञात होता, ही वस्तुस्थिती गुह्यकाच्या कल्पनेमागे उभी आहे.

नीवीची कथाही आपल्याकडे आहे, आणि ती नेमकी 'कथासरित्सागरा'च्या कथापीठात, सातवाहनाच्या प्रतिष्ठाननगरीत घडते. नगरात परतणारा गुणाढ्य व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात एकाची हकीकत ऐकतो. विशाखिल नावाचा सावकार भांडवल बुडवणाऱ्या एका वणिक्पुत्राला सुनावतो, की हुशार माणूस या मेलेल्या उंदरावरही धन मिळवील. ते ऐकणारा एक दरिद्री तरुण तो उंदीर भांडवल म्हणून उचलतो आणि सावकाराला तशी लेखी पोच देतो. मांजरासाठी उंदीर देऊन दोन ओंजळी हरभरे, ते दळून लाकूडतोड्यांना हरभऱ्याचे पीठ आणि पाणी, त्यांच्याकडून प्रत्येकी दोन दोन लाकडे, त्यांची विक्री, पुन्हा हरभरे, असा व्यवहार वाढत जातो. पुढे तीन दिवसांचे सारे लाकूड तो विकत घेतो. अतिवृष्टीने लाकडाची टंचाई होते, आणि तेच शेकडो पणांना विकले जाते. शेवटी तो सोन्याचा उंदीर करून विशाखिलाचे ऋण फेडतो. या कथेचे भावंड पाली जातककथांतही आहे.

या कथेत चमत्कार नाही. पोचपावती आहे, मध्यस्थी आहे, साठेबाजी आहे. तिचा गाभा असा, की भांडवल म्हणजे वस्तू नसून वस्तूची हालचाल आहे. मेलेला उंदीरही फिरू लागला की धन होतो. आणि पद्म व महापद्म हे निधीही पडून राहिले की मेलेल्या उंदरासारखेच. ही कथा अद्भुताच्या महासागरातील पहिल्याच लाटेवर यावी, हा योगायोग मानता येत नाही. अर्थात एक मर्यादा पाळली पाहिजे. आपल्यापुढे गुणाढ्याची 'बृहत्कथा' नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेले तिचे संस्कृत रूप आहे. त्यावरून सातवाहनकालीन अर्थव्यवहार थेट वाचणे धाडसाचे ठरेल. पण निधी आणि नीवी या दोन्ही कल्पना एकाच कथाविश्वात एकमेकींकडे पाहत उभ्या केल्या गेल्या, एवढे निश्चित म्हणता येते.

४

मग साठा वाटून का टाकीत नाहीत? हा प्रश्न कथावाङ्मयाने स्वतःच विचारला आहे. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन याच्या घराण्यात कल्पवृक्ष आहे. हा राजपुत्र त्या वृक्षाकडे स्वतःसाठी काहीच मागत नाही. पृथ्वीवरील दारिद्र्य नाहीसे व्हावे एवढेच तो मागतो. वृक्ष पृथ्वीवर सुवर्णवृष्टी करतो आणि दिसेनासा होतो. परिणाम काय होतो? वृक्ष गेलेला पाहून भाऊबंद चालून येतात. जीमूतवाहन लढण्यास नकार देऊन आईवडिलांसह मलय पर्वतावर जातो.

गुह्य समाजाची राजकीय मांडणी या प्रसंगात उघडी पडते. साठा हा उपभोगासाठी नव्हता. तो प्रतिष्ठेचा आणि धाकाचा आधार होता. त्याचे वाटप होताच राज्य गेले. मलय पर्वतावर जीमूतवाहनाला आणखी एक व्यवहार दिसतो. गरुडाने सरसकट संहार करू नये म्हणून नागांच्या राजाने रोज एक नाग पाठविण्याचा करार केला आहे. किनाऱ्यावर हाडांचा डोंगर साचला आहे. निधीच्या समाजात कर द्यावयाचा झाला तर तो जिवाच्या रूपाने द्यावा लागतो, कारण दुसरे काही निर्माणच होत नाही. जीमूतवाहन शंखचूडाच्या जागी स्वतःला देतो, आणि तेव्हाच तो करार मोडतो. सातव्या शतकात हर्षाने 'नागानंदा'त हीच कथा नाट्यविषय केली. तिचे करुणेच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. पण ती देवघेवीच्या दोन व्यवस्थांचीही कथा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

साठा बाहेर पडण्याची दुसरी वाट 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन मातीच्या पात्रावर आलेल्या रघूकडे कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागतो, चौदा विद्यांचे चौदा कोटी. रघू कुबेरावर स्वारीची तयारी करतो आणि रात्रीतून कोशागारात सोने पडते. पुढचा पेच अधिक मार्मिक आहे : रघूला ते सारे द्यावयाचे आहे, कौत्साला ऋणापेक्षा अधिक घ्यावयाचे नाही. महाराष्ट्रातील लोकपरंपरेने ही वृष्टी कोशागारातून काढून झाडावर आणली आणि दसऱ्याला आपट्याच्या पानांचे सोने लुटण्याच्या प्रथेशी जोडली. युरोपीय लोककथांत यक्षिणींनी दिलेले सोने सकाळी पाने होऊन जाते. आपल्याकडे पाने दिवसभर सोने होतात. मात्र एका अटीवर : ती दुसऱ्याला दिली पाहिजेत. स्वतःजवळ ठेवलेले आपट्याचे पान पानच राहते. निधीला नीवी करण्याचा हा लोकांनी शोधलेला प्रतीकात्मक मार्ग होय.

५

राज्यसंस्थेने या दडलेल्या समाजाकडे कधीच भाबडेपणाने पाहिले नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात खाण, रत्न वा निधी यांची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा सांगितला आहे, भृतक असल्यास बारावा; आणि एक लक्षावरील निधी राजाचा. मनुस्मृतीत वर्णानुसार वेगळे वाटप आहे : विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी त्याचाच. यक्षाचा हिस्सा कोठेही नाही.

अर्थशास्त्र याहीपुढे जाते. कोश रिता झाला असता तो भरण्याचे उपाय सांगताना, एका रात्रीत देवस्थान उभारून यात्रेच्या निमित्ताने धन जमवावे, झाडावर राक्षसाचे भय दाखवून ते घालविण्यासाठी नागरिकांकडून सोने घ्यावे, विहिरीत अनेक शिरांचा नाग दाखवून दर्शनाचे पैसे घ्यावेत, असे उपाय त्यात दिले आहेत. म्हणजे गुह्य समाजाची श्रद्धा हीच महसुलाची खाण मानली आहे. जमिनीखालचे धन वर येण्याऐवजी जमिनीवरचे धन त्या श्रद्धेच्या वाटेने आत जाते. कथेतील कुबेर आणि ग्रंथातील राजा यांच्या नात्यावर एवढा स्पष्ट प्रकाश क्वचितच पडला असेल.

वसाहतकालीन राज्याने ही भाषा कायद्यात ओतली. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक झाले. मागील शंभर वर्षांत धन पुरणाऱ्याचा वारस पुढे आला तर त्याचा हक्क तपासावयाचा. कोणी न आल्यास ते निर्धनी ठरवावयाचे आणि अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास, एक चतुर्थांश जमीनमालकास द्यावयाचे. कथेतील निधीला कालमर्यादा नव्हती. कायद्याने स्मृतीची मुदत शंभर वर्षे ठरवली. राखणदाराच्या जागी अधिकारी आला, आणि अटीच्या जागी अर्ज आला.

परंतु या स्थित्यंतराने निधीची कल्पना संपली नाही. कायद्याने धनाची व्यवस्था लावली. धन कसे उत्पन्न होते याविषयीच्या समजुतीला त्याने स्पर्श केला नाही.

६

ही समजूत किती जुनी आणि किती घातक आहे, हे बाणाने सातव्या शतकात पाहिले होते. 'हर्षचरिता'त आपल्या तरुणपणीच्या सोबत्यांची यादी देताना त्याने धातुवाद जाणणारा, मंत्रसाधक आणि असुरांच्या विवरांचे व्यसन असलेला, अशा तिघांचा उल्लेख केला आहे. 'कादंबरी'तील चंडिकेच्या देवळातला वृद्ध द्राविड साधू तर याच व्यसनाची मूर्ती आहे. भोंदूने दिलेल्या सिद्धांजनाने त्याचा एक डोळा गेलेला आहे. गुप्त ते दिसावे म्हणून घातलेल्या अंजनाने दिसत होते तेही गेले. बाणाचा उपहास निष्ठुर आहे. पण या अर्थव्यवस्थेत नुकसान कोणाच्या वाट्याला येते, हे त्याने अचूक टिपले आहे.

मराठी मुलखात हीच कल्पना पायाळू माणसाच्या रूपाने जिवंत राहिली. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतील धन दिसते, हंड्यावर नाग बसलेला असतो, धन बळी मागते, या समजुती ग्रामीण भागात सर्वपरिचित आहेत. जॉर्ज फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील त्सिन्त्सुन्त्सान या गावातील गुप्तधनाच्या कथांवर १९६४ मध्ये लिहिताना एक उपयुक्त सूत्र मांडले. ज्या शेतकरी समाजात एकूण संपत्ती ठरावीकच आहे अशी धारणा असते, तेथे एखाद्याची भरभराट ही इतरांच्या वाट्यातून झाली असेच समजले जाते. अशा वेळी 'त्याला धन सापडले' ही कथा भरभराटीचा खुलासा करते, आणि कोणाचे काही हिरावले गेले नाही असे सांगून समाजाला शांतही करते. गुप्तधनाची कथा म्हणजे अशा समाजाने अदृश्य संपत्तिस्रोताला दिलेले नाव होय.

हे सूत्र आपल्याकडे लागू करताना एक दुरुस्ती आवश्यक आहे. फॉस्टरच्या कथा घडून गेलेल्या भरभराटीविषयी आहेत. त्यांत कोणी मरत नाही. आपल्याकडील कथेत राखणदार आहे आणि त्याची अट आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे प्रामुख्याने स्त्रियांच्या आणि मुलींच्या ज्या हत्या झाल्या, त्यांच्या खटल्यात गुप्तधनाची लालसा हा एक हेतू म्हणून पुढे आला. तेथे कथा भूतकाळाचा खुलासा राहिली नाही. ती कृतीची संहिता झाली. जीमूतवाहनाच्या कथेतील हाडांचा डोंगर वाचणाऱ्याला तो करार मोडण्यासाठी दाखविला होता. येथे तोच करार दर म्हणून वाचला गेला. आणि दर चुकविण्यासाठी निवडलेले जीव हे नेहमीप्रमाणे दुर्बलांचेच होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी करणी, भानामती या नावांनी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट निर्देश आहे. १८७८ च्या कायद्याने धनाचा विचार केला होता, २०१३ च्या कायद्याने बळीचा केला. या दोन कायद्यांमधील एकशे पस्तीस वर्षांचे अंतर आपल्या सामाजिक इतिहासावरील गंभीर भाष्य आहे. गुप्तधनाचे अर्थशास्त्र आणि गुप्तधनाची हिंसा ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत, हे मान्य होण्यास एवढा काळ लागला.

७

कायदा कृत्याला आवर घालू शकतो. कथेचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षेचा आहे. अद्भुत कथा त्याज्य ठरविणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कारण ज्या परंपरेने निधीची मोहिनी रचली तिनेच तिच्यावरील सर्वांत भेदक टीकाही रचली आहे. येथे काणभूतीकडे परतावे लागते.

'कथासरित्सागरा'च्या आरंभी पार्वती शिवाकडे कोणीही न ऐकलेली कथा मागते. कथेचे मोल तिच्या गुप्ततेत आहे. ती निधी आहे. पुष्पदंत नावाचा गण अदृश्य होऊन ती ऐकतो, पत्नीला सांगतो, आणि पत्नी पार्वतीपुढे ती म्हणून दाखविते. कथा फुटली, मोल गेले. पार्वतीचा शाप पुष्पदंताला आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानाला भोवतो. उःशापाची अट अशी : पुष्पदंताने ती कथा काणभूतीला सांगावी म्हणजे तो सुटेल, काणभूतीने ती माल्यवानाला, म्हणजे गुणाढ्याला, सांगावी म्हणजे काणभूती सुटेल, आणि गुणाढ्याने ती जगात प्रसृत करावी, तेव्हा गुणाढ्य सुटेल. अपराध होता गुप्त ठेवा बाहेर नेण्याचा. प्रायश्चित्त आहे तो ठेवा आणखी दूर नेण्याचे. शापाचे चलन येथे आपल्याच नियमाविरुद्ध फिरू लागते. कुबेराचा हद्दपार चाकर सुटतो तो धन राखून नव्हे, कथा हाती सोपवून.

या प्रसारात राजा अडथळा होतो. पैशाची भाषेत रक्ताने लिहिलेली सात लक्ष श्लोकांची कथा सातवाहन नाकारतो. गुणाढ्य अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकतो. चरणे विसरून ऐकणारे पशू सुकतात, राजाच्या पाकगृहात कोरडे मांस येऊ लागते, राजा आजारी पडतो, आणि चौकशी करीत तो अरण्यात पोहोचतो तेव्हा एक लक्ष श्लोक उरलेले असतात. हद्दपार झालेल्या भाषेतील कथेचा परिणाम राजाच्या ताटापर्यंत पोहोचावा, ही कल्पना अर्थशास्त्रीय दृष्टीनेही विलक्षण आहे. दडलेल्या समाजाचे आणि दृश्य समाजाचे पोट एकच आहे, असे ती सांगते.

या चौकटकथेचा निष्कर्ष अद्भुताच्या वाचनाला लागू पडतो. गुप्तधनाची कथा नकाशा म्हणून वाचणारा तिला पुन्हा निधी करतो, आणि निधी नेहमी राखणदार व बळी मागतो. तीच कथा संपत्तीविषयीच्या समजुतीचा इतिहास म्हणून वाचली तर ती नीवी होते. प्रत्येक पिढीला तिचे व्याज मिळते आणि मुद्दल कायम राहते. आज मराठीत 'निधी' हा शब्द मदतनिधी, विकासनिधी अशा अर्थांनी वर्तमानपत्रांत रोज येतो. जमिनीखालचा शब्द हिशेबाच्या वहीत आला, हे भाषेने केलेले स्थित्यंतर आहे. पण त्या वहीतही धन कोठून आले, ते कोणाच्या श्रमाचे, त्यावर राखण कोणाची आणि ते कोणत्या अटीवर सुटणार, हे प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित असतात. जोवर ते तसे आहेत तोवर गुह्यकांची कथा सांगितली जाणार. ती काळजीपूर्वक वाचणे हे म्हणूनच समीक्षेचे काम ठरते.